थंड लाइनला कोणता पाइप? आधी दोन आकडे विचारा

मासळी गोठवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकांनी मध्यंतरी दोन कोटेशनं माझ्यापुढे ठेवली. काम एकच होतं: एक ब्लास्ट फ्रीझर, दोन प्लेट फ्रीझर, साठवणीची खोली, कोळंबी सोलायच्या हॉलसाठी थंड पाणी आणि अमोनिया फिरवून हे सगळं थंड ठेवणारी लाइन. पहिल्या ठेकेदाराने सरसकट साधा काळा, म्हणजे साध्या पोलादाचा, पाइप धरला होता. दुसऱ्याने कागदावर ‘उणे ४०’ वाचलं आणि सरसकट ‘लो टेम्परेचर’ पाइप लावला. कंप्रेसरच्या गरम बाजूलाही तोच, हॉलच्या थंड पाण्यालाही तोच, वर दोन-तीन ठिकाणी स्टेनलेस. रकमांमधला फरक बघून मालक म्हणाले, “साहेब, यातला एक जण मला फसवतोय. कोण ते सांगा.”

फसवत कोणीच नव्हतं. दोघांनी प्रश्न अर्धाच विचारला होता. ‘लाइन किती थंड?’ एवढ्यावर पाइप ठरत नाही. ‘पाइपाचा धातू किती थंड होतो, आणि नेमक्या त्याच वेळी आत दाब किती असतो?’ असा तो प्रश्न आहे. पैसे वाचतात तेही या दुसऱ्या अर्ध्यात, आणि अपघात होतात तेही तिथेच.

मेणबत्ती मोडून बघा

एक साधी मेणबत्ती उन्हात ठेवून वाकवा, ती वाकते. तीच रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी वाकवा, कटकन मोडेल. मेण बदललं नाही, फक्त गारठलं. साध्या पोलादाचंही असंच आहे. ताकद म्हणाल तर थंडीत ती कमी होत नाही, उलट थोडी वाढते. जातो तो चिवटपणा. चिवट धातू जोर पडला की आधी ताणतो, फुगतो, गळतो, म्हणजे माणसाला सावध करतो. चिवटपणा गेलेला धातू काही न सांगता फुटतो, आणि एखाद्या बारीक खाचेतून सुरू झालेली चीर क्षणात दूरवर पळते.

हे जगाला नीट कळलं ते दुसऱ्या महायुद्धात. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडला ‘स्केनेक्टडी’ नावाचं कोरं करकरीत तेलवाहू जहाज गोदीतल्या संथ पाण्यात उभ्या-उभ्या मधोमध दुभंगलं. वादळ नाही, टॉर्पेडो नाही, नुसती हिवाळ्याची रात्र. त्या काळात घाईघाईने वेल्डिंग करून बांधलेल्या अनेक जहाजांना अशा चिरा गेल्या आणि पहिला संशय अर्थातच वेल्डरवर आला. (कारखान्यात काहीही फुटलं की आजही आधी वेल्डरलाच बोलावतात.) केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या संशोधक बाईंनी दाखवून दिलं की मूळ दोष पोलादातच आहे. ठराविक तापमानाखाली ते ठिसूळ होतं, आणि सलग वेल्ड केलेल्या जहाजात चिरेला थांबायला जागाच उरत नाही.

असं का होतं? पोलादातले अणू एका ठरावीक नक्षीत बसलेले असतात. जोर पडला की त्यांचे थर एकमेकांवरून थोडे सरकतात, त्यालाच आपण ‘वाकणं’ म्हणतो. साध्या पोलादाच्या नक्षीत या सरकण्याला उष्णतेची मदत लागते. थंडीत ती मिळत नाही, थर अडून बसतात आणि सरकण्याऐवजी तुटतात. स्टेनलेसच्या ३०४ जातीतली नक्षी वेगळी असते. तिथे थर द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीतही सरकत राहतात. निकेल मिसळलं की साधं पोलादही जास्त थंडीपर्यंत टिकतं. आणि निकेल न घालताही थोडी मजल मारायची असेल, तर पोलादाचा दाणा, म्हणजे आतले छोटे स्फटिक, बारीक करायचा. हमरस्त्यावर सुसाट जाणारी गाडी पुण्याच्या पेठांत शिरली की प्रत्येक वळणावर जशी अडते, तशी चीर बारीक दाण्यांच्या सीमांवर अडत जाते.

धातू किती चिवट आहे हे मोजायची रीत फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची आहे. १० मिलिमीटर बाय १० मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याला एक खाच पाडायची, हव्या त्या तापमानाला गार करायचा आणि लंबकासारख्या हातोड्याने एका फटक्यात तोडायचा. तोडताना हातोड्याची किती ऊर्जा गेली, ते ज्यूलमध्ये वाचायचं. एवढंच. पाइपाच्या बाजारात ‘इम्पॅक्ट टेस्टेड’ हे शब्द ऐकाल, त्यांचा अर्थ हाच.

पायऱ्या

आपल्याकडे कारखान्यांत चालतात ते बहुतेक पाइप अमेरिकन मानकांच्या नावाने विकले जातात. रोजचा सीमलेस (बिनसांध्याचा) काळा पाइप म्हणजे ए-१०६ ग्रेड बी. नेहमीच्या जाडीत तो उणे २९ अंश सेल्सिअसपर्यंत इम्पॅक्ट टेस्टशिवाय चालतो. साधारण साडेबारा मिलिमीटरच्या वर भिंत गेली की ही सवलत आक्रसत जाते, कारण जाड धातूत चीर जास्त सहज पळते. ‘जाड घेतला म्हणजे सुरक्षित’ हा आपला घरगुती समज थंड लाइनवर उलटा पडू शकतो.

उणे २९ च्या खाली ए-३३३ हे मानक सुरू होतं. त्यातला ग्रेड ६ हा सगळ्यात जास्त खपणारा, उणे ४५ अंशांवर तपासलेला. गंमत अशी की त्याची ताकद ए-१०६ ग्रेड बी एवढीच आहे: दोघांचीही तुटण्याची किमान ताकद ४१५ मेगापास्कल आणि ताणून कायमचं वाकण्याची सीमा २४० मेगापास्कल. रासायनिक घटकही जवळपास तेच. मग जास्तीचे पैसे कशाचे? दाणा बारीक करणाऱ्या उष्णतेच्या प्रक्रियेचे आणि त्या हातोड्याच्या परीक्षेचे. उणे ४५ अंशांवर १० मिलिमीटरच्या तीन तुकड्यांची सरासरी १८ ज्यूल यावी लागते.

त्याखाली ग्रेड ३ येतो, ३.५ टक्के निकेलचा, उणे १०० पर्यंत. ग्रेड ८ मध्ये ९ टक्के निकेल असतं, तो उणे १९५ पर्यंत. आणि या सगळ्यांना समांतर चालणारा स्टेनलेस ३०४ एल, ज्याला या पायऱ्यांची फारशी पर्वाच नाही.

आता यांच्याशेजारी वायूंचे उत्कलनबिंदू ठेवून बघा. साध्या हवेच्या दाबाला अमोनिया उकळतो उणे ३३ अंशांना, प्रोपेन उणे ४२ ला, इथिलीन उणे १०४ ला, द्रवरूप नैसर्गिक वायू साधारण उणे १६२ ला, ऑक्सिजन उणे १८३ ला आणि नायट्रोजन उणे १९६ ला. म्हणजे थळच्या खत कारखान्यातला अमोनिया, नागोठण्याचं इथिलीन आणि दाभोळच्या धक्क्यावर जहाजातून उतरणारा नैसर्गिक वायू हे कोकणपट्टीतले तीन शेजारी पोलादाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसतात.

पायरी चुकली तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचं. २० ऑक्टोबर १९४४ रोजी तिथली द्रवरूप नैसर्गिक वायूची एक टाकी फुटली, वायू गटारांतून आणि रस्त्यांवरून पसरला, पेटला आणि सुमारे १३० माणसं गेली. ती टाकी ३.५ टक्के निकेलच्या पोलादाची होती. उणे १०० ला जे चिवट असतं ते उणे १६० ला ठिसूळ होतं. आज त्या तापमानाच्या मोठ्या टाक्यांना ९ टक्के निकेल वापरतात आणि पाइपांना बहुतेक स्टेनलेस.

एक व्यवहारातली गोष्ट. पायऱ्या बघून वाटेल की उणे ९० अंशांच्या लाइनला ३.५ टक्के निकेलचा पाइप घ्यावा, तो स्टेनलेसपेक्षा स्वस्तच असणार. मोठ्या प्रकल्पाला कदाचित पडेल. पण तुम्हाला हवा असतो ६० मीटर. तो मुंबईतल्या सी. पी. टँक-गिरगावच्या स्टॉकिस्टांकडे सहसा पडून नसतो, गिरणीकडून बनवून घ्यावा लागतो, गिरणी किमान वजन सांगते, फ्लँज (जोडणीच्या चकत्या) आणि बेंड वेगळे शोधावे लागतात, आणि वेल्डिंगची पद्धत नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. ३०४ एल मात्र त्याच गल्लीत उद्या सकाळी मिळतो. त्यामुळे छोट्या कामात उणे ४५ च्या खाली गेलात की मी सरळ स्टेनलेसवर उडी मारतो. मधल्या पायऱ्या कागदावर जेवढ्या स्वस्त दिसतात तेवढ्या नसतात.

दाबाचा प्रश्न

आता अमोनियाकडे, कारण महाराष्ट्रातल्या थंड लाइनींपैकी मोठा हिस्सा अमोनियाचा आहे: दुधाच्या डेअऱ्या, बर्फाचे कारखाने, द्राक्ष-आंब्याची शीतगृहं, रत्नागिरी-तळोज्याचे मासळीचे कारखाने.

ब्लास्ट फ्रीझरमध्ये अमोनिया उणे ४० अंशांना उकळतो. सरळ वाचलं तर उणे २९ ची रेषा ओलांडली, म्हणजे ए-३३३ घ्या. दुसऱ्या ठेकेदाराने हेच केलं. पण उणे ४० अंशांना अमोनियाचा दाब किती असतो? साधारण ०.७ बार, तोही पूर्ण निर्वातापासून मोजलेला. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही कमी! पाइप आतून ढकलला जात नाहीये, उलट बाहेरची हवा त्याला दाबते आहे. (म्हणूनच अशा प्लांटमध्ये गळती असली की अमोनिया बाहेर यायच्या आधी हवा आत शिरते आणि ऑपरेटर दिवसभर हवा काढत बसतो.)

प्लांट बंद पडला, सगळं गरम होत ३५ अंशांवर आलं, तर त्याच अमोनियाचा दाब साडेतेरा बारवर जातो. पण तेव्हा धातूही ३५ अंशांवर असतो, म्हणजे पुरता चिवट. थंडी असते तेव्हा दाब नाही, दाब असतो तेव्हा थंडी नाही. एकाच घरात दिवसपाळी आणि रातपाळी करणारे दोन भाऊ असावेत, तशी यांची गाठ पडत नाही.

थोडा हिशेब करू. चार इंची शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा ठरलेला वर्ग) पाइप: बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर, भिंत ६.०२ मिलिमीटर. धरा की पंपाने ढकललेल्या थंड द्रवाचा दाब ३ बार आहे, म्हणजे ०.३ मेगापास्कल. भिंतीतला ताण काढायचा तर दाब गुणिले व्यास, भागिले भिंतीची दुप्पट. उत्तर येतं ३ मेगापास्कलच्याही आत. या पाइपाला नियमांनी मान्य केलेला ताण शंभर मेगापास्कलच्या वर असतो. म्हणजे आपण तीन टक्क्यांच्याही खाली आहोत. फ्रीझरच्या नळ्यांवरचा बर्फ उतरवायला गरम वायू सोडला आणि दाब ८ बारवर गेला, तरी ताण साडेसात-आठ मेगापास्कल.

चीर पळायला थंडी लागते, खाच लागते आणि ताण लागतो. ताणच नसेल तर ठिसूळ धातूसुद्धा शांत बसून राहतो. शीतकरणाच्या पाइपांसाठीची अमेरिकन संहिता बी-३१.५ हेच मान्य करते: ताण मान्य मर्यादेच्या ४० टक्क्यांच्या आत असेल, तर उणे २९ ते उणे १०१ अंशांच्या पट्ट्यात इम्पॅक्ट टेस्टची सक्ती नाही. रसायन कारखान्यांच्या बी-३१.३ मध्येही कमी ताणाची अशीच सवलत आहे, आकडे आणि अटी वेगळ्या. पहिल्या ठेकेदाराचा साधा काळा पाइप थंड बाजूला चालू शकत होता तो या कलमामुळे. फक्त त्याला हे कलम माहीत नव्हतं, तो ‘आम्ही नेहमी हाच लावतो’ म्हणून लावत होता. हिशेब कागदावर लिहून सही करून दिला तर ती बचत. न लिहिता लावला तर तो नुसता भरवसा, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या वायूच्या लाइनवर तोच भरवसा घात करेल.

शिवाय हा ताण म्हणजे फक्त आतल्या दाबाचा नव्हे. पाइपाचं वजन, त्यावर साचलेला बर्फ, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आकसणं. ३० अंशांवर बसवलेली १०० मीटरची पोलादी लाइन उणे ४५ ला गेली की साधारण ८ सेंटिमीटर आखडते. दोन्ही टोकं भिंतीत जखडून ठेवलीत तर हे ८ सेंटिमीटर कुठून तरी वसूल होणार, आणि ४० टक्क्यांचा हिशेब कोलमडणार. मधे एखादा वळसा ठेवला की काम होतं. (स्टेनलेसची १०० मीटर लाइन नायट्रोजनच्या तापमानाला नेली तर ती सुमारे ३० सेंटिमीटर आखडते. तिथे वळसा विसरलात तर पाइप स्वतः आठवण करून देतो.)

आणि एक धोका कुठल्याच तक्त्यात नसतो. २३ ऑगस्ट २०१० ला अमेरिकेतल्या अलाबामात, थिओडोर इथल्या शीतगृहात वीज जाऊन परत आली. बर्फ उतरवण्याच्या अवस्थेत अडकलेला फ्रीझर मधल्या पायऱ्या गाळून थेट थंड करण्यावर टाकला गेला. गरम दाबाचा वायू आणि थंड द्रव एकमेकांवर आदळले, त्या धक्क्याने बारा इंची सक्शन (वायू कंप्रेसरकडे परत नेणारा) पाइप फुटला आणि १४ टनांहून जास्त अमोनिया हवेत गेला. पाइपाचा ग्रेड बरोबर की चूक, हा तिथे मुद्दाच नव्हता. वीज जाणं-येणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट, म्हणून हे सांगितलं. महागडा पाइप घेऊन व्हॉल्व्हच्या क्रमात कसर केली तर पैसे चुकीच्या खिशातून गेले.

गरम लाइन जेव्हा थंड होते

आता उलटी बाजू. काही लाइनी रोजच्या कामात थंड नसतातच, त्यामुळे त्यांच्या यादीत ‘थंड’ असं कोणी लिहीत नाही. एलपीजीची लाइन रोज ३० अंशांवर असते. पण एखादा व्हॉल्व्ह उघडून तिचा दाब एकदम सोडला, तर आतला द्रव उकळतो, उष्णता धातूतून ओढून घेतो आणि पाइप उणे ४० च्या आसपासही जाऊ शकतो. थंड आणि द्रवाने भरलेला. मग कोणी वरून पुन्हा दाब दिला, तर रातपाळीचा भाऊ आणि दिवसपाळीचा भाऊ दारातच भेटतात.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या लाँगफर्डच्या वायू प्रकल्पात २५ सप्टेंबर १९९८ ला असंच झालं. गरम तेल फिरवणारे पंप बंद पडले. एरवी चांगला तापलेला असणारा एक हीट एक्स्चेंजर (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारं पात्र) गारठत गेला, त्याच्या धातूचं तापमान उणे ४८ अंशांपर्यंत उतरलं. बाहेर बर्फाचा थर दिसत होता. पंप पुन्हा सुरू करून त्यात गरम तेल सोडल्यावर तो तडकला, वायू बाहेर आला, पेटला. दोन कामगार गेले, आठ जखमी झाले, आणि मेलबर्नसह राज्याचा गॅस दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिला. ते पात्र कोणी ‘थंड’ समजून विकतच घेतलं नव्हतं.

आपल्याकडे हाच सापळा लहान आकारात बऱ्याच ठिकाणी मांडलेला असतो: द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीपाशी. टाकीतून उणे १९६ चा द्रव निघतो, पंखांच्या ॲल्युमिनियमच्या व्हेपोरायझरमधून हवेची उष्णता घेऊन वायू होतो आणि पुढे कारखान्यात जातो. पुढची लाइन वायूची, हवेच्या तापमानाची, म्हणून काळा पाइप. ठीक. पण जानेवारीतल्या पहाटे, वापर एकदम वाढला, व्हेपोरायझरवर बर्फाचा ढीग बसला, की द्रव न उकळताच पुढे सरकतो आणि काळ्या पाइपात शिरतो. इलाज मोठा नाही: व्हेपोरायझरनंतरचा काही मीटरचा तुकडा स्टेनलेसचा ठेवायचा, आणि त्याच्या शेवटी तापमान उतरलं की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह लावायचा. सगळी लाइन स्टेनलेस करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. पण मुद्दा आधी सुचावा लागतो, आणि कोटेशनच्या तक्त्यात तो सुचवणारा रकानाच नसतो.

किलो आणि मीटर

पाइप किलोने विकला जातो, लागतो मात्र मीटरने. ही साधी गोष्ट विसरली की स्टेनलेस आहे त्याहून महाग वाटतो. चार इंची शेड्यूल ४० काळा पाइप मीटरला सुमारे १६ किलो. तोच चार इंची स्टेनलेस ‘दहा एस’ जाडीत घेतला तर भिंत ३.०५ मिलिमीटर आणि वजन मीटरला साधारण साडेआठ किलो. स्टेनलेसला गंजासाठी जादा जाडी ठेवायची गरज नसते, आणि दाबापुरतं बघितलं तर २० बारला चार इंची पाइपाची भिंत साधारण एक मिलिमीटरची पुरते. समजा स्टेनलेसचा किलोचा दर काळ्याच्या साडेतीनपट आहे. मीटरमागे तो सुमारे १.९ पट झाला. त्यात काळ्या पाइपाचं घासणं आणि रंग वजा करा. फरक उरतोच, पण कोटेशन बघून छातीत धस्स व्हावं एवढा नाही.

पाइपावरच्या आवरणाचा खर्च मात्र पोलाद कुठलंही घ्या, तोच राहतो. पफ (उष्णता अडवणारा फोम), त्यावर बाष्परोधक थर, त्यावर पत्र्याचं क्लॅडिंग. कोकणातल्या दमट हवेत बाष्परोधक थराला एक भोक पडलं की हवेतला ओलावा थंड पाइपाकडे ओढला जातो, आत पाणी साचतं, आणि बर्फ उतरवताना आलटून-पालटून गरम-थंड होणारा काळा पाइप आवरणाच्या आत गुपचूप गंजत जातो. सतत उणे ४० ला गोठलेला पाइप त्या मानाने सुखात असतो. म्हणून ग्रेड ६ ऐवजी काळा पाइप लावून वाचवलेले पैसे मी मालकांना आवरणात घालायला सांगतो.

पाइप ग्रेड ६ घेतला तर त्याची बाकीची वरातही तशीच हवी: बेंड आणि टी डब्ल्यूपीएल-६ चे, फ्लँज एलएफ-२ चे, बोल्ट एल-७ चे, वेल्डिंगची कांडी ७०१८-१, आणि वेल्डच्या नमुन्याचीही हातोड्याची परीक्षा. इथे लहानसहान चुका फार होतात. एलएफ-२ चा फ्लँज आणि साधा ए-१०५ चा फ्लँज शेजारी ठेवले तर डोळ्यांना काही फरक दिसत नाही, ठोकलेली अक्षरं वाचावी लागतात. एका साइटवर स्टोअरकीपरने दोन्ही एकाच रॅकमध्ये रचले होते. अख्खी लाइन ग्रेड ६ ची, आणि मधे चार फ्लँज साधे. महागड्या साखळीत चार सुतळ्या. तेव्हापासून मी शक्यतो एका छोट्या साइटवर एका आकाराचे दोन ग्रेड येऊ देत नाही. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, पण रॅकमध्ये गोंधळ नको.

अमोनियाच्या कामात तांबं आणि पितळ कुठेही नको, हे जाता-जाता. अमोनिया ते खातो. जुन्या नळकाम्याने प्रेमाने बसवलेला पितळी कॉक हा हमखास सापडणारा पाहुणा.

कागद तपासणं

ए-१०६ आणि ए-३३३ ग्रेड ६ यांची रसायनं जवळपास सारखी, हे वर आलंच. त्याचा त्रासदायक अर्थ असा की हातात धरून धातू ओळखणारं यंत्र इथे निरुपयोगी आहे. ते यंत्र ३०४ आणि साधं पोलाद वेगळं ओळखेल, हे दोन नाही. दोघांतला फरक भट्टीत घडला आणि हातोड्याखाली सिद्ध झाला, तो धातूच्या घटकांत लिहिलेला नाही. मग तुमच्याकडे उरतं काय? पाइपावर छापलेला हीट नंबर (पोलादाच्या ज्या ओतीतून तो बनला तिचा क्रमांक), आणि त्याच हीट नंबरचं गिरणीचं टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे टीसी. टीसीवर उणे ४५ अंशांच्या तीन तुकड्यांचे तीन आकडे आणि सरासरी दिसली पाहिजे. नुसतं ‘कन्फॉर्म्स टू ए-३३३’ लिहिलेलं पुरत नाही.

शंका आली तर सरळ पाइपाचा एक तुकडा कापून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. पुणे-भोसरी, ठाणे, तळोजा इथे त्या आहेत. चार इंची शेड्यूल ४० मधून १० मिलिमीटरचा पूर्ण तुकडा निघत नाही, भिंतच सहा मिलिमीटरची. मग लहान मापाचा तुकडा घेतात आणि पास व्हायचा आकडाही त्या प्रमाणात उतरतो. अहवाल वाचताना हे लक्षात ठेवा, नाहीतर ९-१० ज्यूल बघून उगाच घाबराल.

बाजारात दुहेरी, तिहेरी सर्टिफिकेटचे पाइपही मिळतात: एकाच पाइपावर ए-१०६ बी आणि ए-३३३ ग्रेड ६ दोन्ही छापलेलं. यात लबाडी नाही. ताकदीच्या अटी तशाच असल्यामुळे एक पाइप दोन्ही परीक्षा खरोखर पास होऊ शकतो. असा माल योग्य दरात मिळाला तर मी आनंदाने घेतो, फक्त हातोड्याचे आकडे आधी बघतो.

त्या कारखान्याचं काय झालं

कोळंबी सोलायच्या हॉलचं थंड पाणी ७ अंशांचं. तिथे ना ए-३३३ हवा, ना सीमलेस. भारतीय मानक १२३९ चा लाल पट्ट्याचा हेवी क्लास पाइप घातला. त्या एका ओळीत दुसऱ्या ठेकेदाराची रक्कम चांगलीच खाली आली.

कंप्रेसरची गरम बाजू, कंडेन्सर आणि रिसीव्हर यांना ए-१०६ बी सीमलेस. थंड बाजूच्या शाखांनाही तोच, पण डिझाइनरकडून ताणाचा हिशेब लिहून आणि सही करून घेतला, आणि आवरण चांगल्या प्रतीचं केलं. दोन्ही प्लेट फ्रीझर आणि ब्लास्ट फ्रीझर जिथे एकत्र येतात त्या मोठ्या सक्शन हेडरला मात्र ए-३३३ ग्रेड ६ घेतला. नियम तिथेही काळ्या पाइपाला परवानगी देत होता. पण तीन फ्रीझरचा गरम वायू आणि थंड द्रव जिथे समोरासमोर येऊ शकतात, तिथे मला चिवटपणा हातचा ठेवायचा होता, आणि लांबी होती जेमतेम ४० मीटर. आकार वेगळा असल्यामुळे रॅकमध्ये गल्लत व्हायचीही भीती नव्हती. ही माझी निवड. दुसरा कोणी इंजिनिअर हेडरही काळाच ठेवेल आणि तोही चुकणार नाही.

ग्रेड ६ च्या प्रत्येक पाइपावर टोकापासून टोकापर्यंत पांढरा पट्टा मारला, आणि फिटरला बजावलं की पाइप कापायच्या आधी हीट नंबर उरलेल्या तुकड्यावर उतरवायचा. त्याने तो उतरवला, शेवटचा तुकडा सोडून. काम संपल्यावर दोन मीटरचा निनावी पाइप कोपऱ्यात उभा होता. मालक म्हणाले, “साहेब, ग्रेड सहाच आहे, माझ्यासमोर कापलाय. पुढे कधी लागेल, ठेवू का?” मी नको म्हटलं. आता तो गेटजवळच्या सायकल शेडचा खांब आहे.